वर्गातला खेळ : धडा नियमातच हवा

शाळेच्या वेळापत्रकात ‘खेळ’ हा एक स्वतंत्र तास असतो. तो बहुधा दिवसाच्या शेवटी ठेवलेला असतो आणि परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी त्याचाच बळी जातो. उरलेले सारे तास अभ्यासाचे. ही विभागणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की गणिताच्या तासाला एखाद्या वर्गातून हसण्याचा आवाज आला तर शेजारच्या वर्गावरील शिक्षक डोकावून पाहतात. ‘आज आम्ही गणिताच्या तासाला पत्ते खेळलो’ असे मुलाने घरी सांगितले, तर पालकांच्या कपाळावर आठी उमटते. ‘खेळायलाच पाठवायचे तर शाळा कशाला? अंगण होतेच की!’ हा त्यांचा प्रश्न असतो.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘मुलांना मजा वाटते’ एवढेच उत्तर शाळेकडून मिळत असेल, तर पालकांची शंका रास्तच म्हणावी लागेल. मजा वाटणे ही चांगली गोष्ट आहे. परंतु तासाच्या अखेरीस मुलाला काय येऊ लागले, हा प्रश्न मजेनंतरही उरतोच. खेळातून शिक्षण या कल्पनेचे समर्थक आणि विरोधक यांच्या वादात नेमका हाच मुद्दा अनेकदा हरवतो. एका बाजूला सरसकट कौतुक आणि दुसऱ्या बाजूला सरसकट नाके मुरडणे! प्रत्यक्षात काही खेळ शिकवतात आणि काही केवळ वेळ घालवतात. हा फरक कशामुळे पडतो, याविषयी गेल्या काही दशकांत बरेच काही समजले आहे.

आता तर हा विषय ऐच्छिकही राहिलेला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील २९ व्या कलमाने कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकण्यावर भर दिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वय वर्षे ३ ते ८ हा पायाभूत टप्पा मानला आणि त्या टप्प्यावर खेळाधारित पद्धतीची शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, तर फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ या नावाने खेळ, कोडी, बाहुल्या आणि चित्रपत्रे यांचा संच जाहीर झाला. तेव्हा वर्गात खेळ आणावा की नाही, हा प्रश्न मागे पडला आहे. तो कसा आणावा, हा खरा प्रश्न आहे.

कल्पना नवी नव्हे

खेळातून शिक्षण ही अलीकडची आयात आहे, असा एक समज आढळतो. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन, दंडगोल अशी साधने त्यांनी मुलांच्या हाती दिली. ती केवळ करमणुकीची खेळणी नव्हती. घनाचे आठ छोटे घन करून पुन्हा एक घन जोडताना मूल भाग आणि पूर्ण यांचा संबंध हाताने अनुभवते, हा त्यामागील विचार होता. प्रशियाच्या सरकारला मात्र हा प्रकार संशयास्पद वाटला आणि १८५१ मध्ये तेथे किंडरगार्टनवर बंदी आली. ती १८६० मध्ये उठली, पण तोवर फ्रोबेल हयात नव्हते.

इटलीत मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले. आपल्याकडे भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या या माणसाने ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करणाऱ्या एका काल्पनिक शिक्षकाची कथा लिहिली. गोष्टी आणि खेळ यांनी सुरुवात करणाऱ्या या शिक्षकाला सहकाऱ्यांचा उपहास आणि पालकांच्या शंका यांना तोंड द्यावे लागते. आजच्या कोणत्याही शिक्षकाला ती कथा ओळखीची वाटेल.

गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी ही दृष्टी महाराष्ट्रात रुजवली. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि त्यानंतर कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी केलेले काम सर्वश्रुत आहे. महागडी परदेशी साधने खेड्यात परवडणार नाहीत, हे ओळखून त्यांनी बिया, शंख-शिंपले, खडे, पाने यांतून शिक्षणसाधने घडवली. ‘साधने नाहीत म्हणून खेळ नाही’ ही सबब त्यांनी पाऊणशे वर्षांपूर्वीच निकालात काढली, असे म्हणायला हरकत नाही.

खेळताना नेमके काय घडते?

फळ्यावरील वजाबाकी आणि खेळातील वजाबाकी यांत फरक काय? पहिला फरक प्रयत्नांच्या संख्येचा आहे. चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षक एकेकाला उत्तर विचारतात, तेव्हा एका मुलाच्या वाट्याला तासात एखादाच प्रश्न येतो. बाकीचा वेळ ते मूल ऐकत असते, किंवा ऐकत असल्यासारखे दिसत असते. हाच वर्ग जोड्याजोड्यांनी खेळायला बसला, तर प्रत्येक मूल दहा मिनिटांत पंधरा-वीस वेळा गणित करते.

दुसरा फरक चुकीच्या किमतीचा. फळ्यापाशी चूक झाली तर ती सर्व वर्गासमोर होते. खेळात चूक झाली तर डाव जातो, पण पुढचा डाव लगेच येतो. शिवाय चूक दाखवणारा शिक्षक नसून समोरचा भिडू असतो आणि त्याचे लक्ष बारीक असते! चूक झाली हे त्याच क्षणी कळते, तपासलेली वही परत येईपर्यंत दोन दिवस थांबावे लागत नाही.

तिसरी गोष्ट स्मरणाची. २००६ मध्ये अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुनःपुन्हा वाचला, तर काहींनी वाचून झाल्यावर तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना बरेच मागे टाकले. भेंड्या, प्रश्नमंजूषा, शब्दकोडी अशा खेळांमध्ये मनातून आठवून काढण्याची क्रियाच घडत असते. उजळणीला या खेळांचा उपयोग होतो तो यामुळे.

चौथी बाब नियमाची. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी म्हटले आहे, की खेळात मूल आपल्या वयापेक्षा मोठे होऊन वागते. एरवी दोन मिनिटे स्थिर न बसणारा मुलगा ‘स्टॅच्यू’ म्हणताच पुतळा होतो, कारण तो नियम त्याने स्वतः मान्य केलेला असतो. झाँ पियाजे यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात गोट्या खेळणाऱ्या स्विस मुलांचे निरीक्षण मांडले. लहान मुले नियम अपरिवर्तनीय मानतात, तर मोठी मुले ते सर्वसंमतीने बदलता येतात असे मानू लागतात, असे त्यांना आढळले. म्हणजे खेळाचा नियम हीच शिकण्याची एक मोठी जागा आहे.

दहा घरांचा पट

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. कोणता खेळ शिकवतो आणि कोणता नाही? याचे सर्वांत स्वच्छ उत्तर एका अगदी साध्या प्रयोगातून मिळाले. अमेरिकेतील गीता रमणी आणि रॉबर्ट सिग्लर यांनी २००८ मध्ये गरीब घरांतील बालवाडीच्या मुलांबरोबर केलेले काम प्रसिद्ध केले. पट अगदी साधा, एका सरळ रेषेत दहा घरे आणि त्यांत १ ते १० हे अंक. चकती फिरवायची, १ किंवा २ येईल तितकी घरे सोंगटी पुढे न्यायची आणि जाताना त्या त्या घरातील अंक मोठ्याने म्हणायचा. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका, एवढाच हा उपक्रम होता. मोजणे, अंक ओळखणे, दोन संख्यांतील मोठी कोणती हे सांगणे आणि संख्यारेषेवर संख्येची जागा दाखवणे या चारही बाबतींत ही मुले सुधारली. नऊ आठवड्यांनंतरही ती सुधारणा टिकून होती.

याच अभ्यासात दुसऱ्या गटाला तसाच पट दिला होता, पण त्याच्या घरांत अंकांऐवजी रंग होते. त्या मुलांनीही तितकाच वेळ खेळून घेतले, पण त्यांची संख्यांची समज वाढली नाही. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या कामात सरळ पट आणि गोल पट यांची तुलना झाली. सरळ पटाचा फायदा अधिक दिसला, कारण संख्या मोठी होत जाते तसे अंतर वाढते, ही गोष्ट सरळ रेषेत डोळ्यांना दिसते.

२०१४ मधील एका अभ्यासात एलिडा लास्की आणि सिग्लर यांनी याहून बारीक गोष्ट दाखवली. शंभर घरांच्या पटावर सोंगटी ५ वर असताना ३ चे दान पडले, तर मूल ‘एक, दोन, तीन’ म्हणत पुढे जाते की ‘सहा, सात, आठ’ म्हणत जाते? घरातील अंक वाचत पुढे गेलेल्या मुलांनाच खेळाचा लाभ झाला. पट तोच, सोंगटी तीच, पण तोंडाने काय म्हणायचे एवढ्या एका नियमाने खेळ शिकवणारा ठरला किंवा निव्वळ खेळ राहिला.

यातून एक कसोटी हाती येते. जी संकल्पना शिकवायची, ती खेळाच्या चालीतच असली पाहिजे. चाल करण्यासाठी मुलाला त्या संकल्पनेचा वापर करावाच लागला पाहिजे. ‘उत्तर बरोबर आले तर चेंडू बादलीत टाका’ असा खेळ पाहिला, तर त्यात चेंडू टाकण्यात मजा आहे आणि उत्तर हा त्यासाठी भरायचा कर आहे. कडू गोळीवर साखरेचा थर चढवण्यातलाच हा प्रकार. मूल साखर चाटते आणि गोळी थुंकते.

आपल्या सापशिडीचे पूर्वरूप असलेला मोक्षपट परंपरेने संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. त्यात सद्गुणांच्या शिड्या वर नेत आणि दुर्गुणांचे साप खाली आणत. जे सांगायचे तेच चालीत गुंफलेले होते! आजची सापशिडीही संख्या शिकवू शकते, मात्र घरातील अंक वाचत पुढे जाण्याचा नियम घातला पाहिजे. तिच्यातील ओळी एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून जातात, तेव्हा अगदी लहान मुलांसाठी फरशीवर खडूने काढलेला दहा घरांचा सरळ पट अधिक उपयुक्त.

दिल्लीतील इशारा

खेळांचे कौतुक करणाऱ्यांनी दिल्लीतील एका मोठ्या प्रयोगाकडेही लक्ष दिले पाहिजे. ‘प्रथम’ या संस्थेच्या बालवाड्यांमध्ये मोइरा डिलन, एलिझाबेथ स्पेल्की, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे चार महिने गणिती खेळ चालवले. ठिपक्यांच्या दोन पुंजक्यांपैकी मोठा कोणता हे न मोजता ओळखणे, आकृत्यांमधील वेगळी आकृती शोधणे, असे त्यांचे स्वरूप होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष दुहेरी होता. संख्या आणि आकार यांची सहज जाण वाढली आणि ती वर्षाहून अधिक काळ टिकली. परंतु ही मुले पहिलीत गेल्यावर शाळेतील गणितात, म्हणजे अंक, चिन्हे आणि लेखी उदाहरणे यांत, खेळ न खेळलेल्या मुलांपेक्षा पुढे गेली नाहीत.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने याचीच दुसरी बाजू दाखवली. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत भाजी विकणारी मुले गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी आणि अचूक करत होती. तशीच उदाहरणे पुस्तकी रूपात कागदावर आली की ती अडखळत. शाळेत शिकणाऱ्या मुलांचे याच्या उलट होते. कागदावर येणारे गणित त्यांना व्यवहारात वापरता येत नव्हते.

या दोन्ही अभ्यासांचा अर्थ खेळ निरुपयोगी आहेत असा नाही. अंगणातले ज्ञान आपोआप वहीत उतरत नाही, हा त्यांचा अर्थ आहे. मधला पूल बांधावा लागतो आणि तो बांधणे हेच शिक्षकाचे काम. खेळ संपल्यावर सोंगट्या गोळा करून थेट पुढच्या धड्याकडे वळणारा वर्ग अर्ध्या वाटेवरून परत फिरतो. जे खेळलो ते शब्दांत सांगणे, चिन्हांत लिहिणे आणि तसेच एखादे उदाहरण पुस्तकातून सोडवणे, ही खेळानंतरची दहा मिनिटे खेळाइतकीच मोलाची आहेत. पालकांच्या प्रश्नाचे खरे उत्तरही याच दहा मिनिटांत दडलेले आहे.

वर्गात खेळता येतील असे चार खेळ

वरील कसोटीला उतरणारे, फारसा खर्च नसलेले चार खेळ येथे देत आहोत.

पहिला, दोन पत्त्यांची संख्या (इयत्ता दुसरी-तिसरी). मराठीत ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी उच्चारला जातो, म्हणून अनेक मुले २७ ऐवजी ७२ लिहितात. संख्यावाचनाच्या या अडचणीमुळे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशा धर्तीचे वाचन सुचवले गेले आणि त्यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. वादात कोणतीही बाजू घेतली तरी अडचण खरी आहे. पत्त्यांच्या जोडातून दश्श्या आणि चित्रांचे पत्ते बाजूला काढावेत आणि एक्क्याला १ मानावे. दोन भिडूंनी आळीपाळीने एकेक पत्ता उचलावा. पहिला पत्ता उचलताच तो दशकाच्या जागी ठेवायचा की एककाच्या, हे दुसरा पत्ता पाहण्यापूर्वीच ठरवायचे. दोन्ही पत्ते मांडले की संख्या मोठ्याने वाचायची. ज्याची संख्या मोठी त्याला गुण. ७ हातात आला तर तो दशकाच्या जागी ठेवावा, हे मुलांना चार डावांत उमगते. स्थानिक किंमत समजली आहे याचीच ती खूण. प्रत्येक डाव वहीत ७२ > ६४ असा लिहून घ्यावा.

दुसरा, कोणी काय खाल्ले? (इयत्ता पाचवी-सहावी). चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे करावेत. एकात ‘मुलाने’, ‘मुलीने’, ‘आजीने’, ‘माकडांनी’ असे कर्ते, तर दुसऱ्यात ‘आंबा’, ‘पोळी’, ‘केळे’, ‘पेरू’, ‘चिंचा’ अशी कर्मे. प्रत्येक गठ्ठ्यातून एकेक चिठ्ठी उचलून ‘खाणे’ या क्रियापदाचे भूतकाळी रूप जोडत वाक्य पुरे करायचे. मुलीने आंबा खाल्ला, मुलाने पोळी खाल्ली, आजीने केळे खाल्ले, माकडांनी चिंचा खाल्ल्या. मध्येच शिक्षकांनी अट घालावी, ‘आता फक्त कर्ता बदला’. क्रियापद हलत नाही! ‘आता फक्त कर्म बदला’, आणि क्रियापद लगेच बदलते. क्रियापद कोणाच्या आज्ञेत आहे, याचा शोध मुलांना स्वतः लागला, की कर्मणी प्रयोगाची व्याख्या पाठ करून घेण्याची गरज उरत नाही. ते नाव शिक्षकांनी त्यानंतर सांगावे.

तिसरा, वीस प्रश्न (विज्ञान, इयत्ता सहावी ते आठवी). एका गटाने मनात एक सजीव धरायचा. दुसऱ्याने फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येईल असे प्रश्न विचारून तो ओळखायचा. ‘तो वाघ आहे का?’ असा प्रश्न विचारणारे हरतात. ‘त्याला पाठीचा कणा आहे का?’ असे विचारणारे जिंकतात, कारण तो प्रश्न एका फटक्यात मोठा समूह बाजूला सारतो. प्रत्येक प्रश्नाने शक्यता निम्म्या होत गेल्या, तर वीस प्रश्नांत दहा लाखांहून अधिक गोष्टींतून एक वेगळी काढता येते. शेवटी विचारलेले प्रश्न फळ्यावर शाखांच्या आकृतीत मांडले, की मुलांसमोर वर्गीकरणाचा तक्ता उभा राहतो.

चौथा, गावची विहीर (पर्यावरण आणि नागरिकशास्त्र, इयत्ता सातवीपुढे). चार मुलांचा एक गाव. मध्ये मडक्यात २४ चिंचोके, म्हणजे विहिरीचे पाणी. प्रत्येक फेरीत प्रत्येकाने न बोलता १ ते ४ चिंचोके घ्यायचे. फेरीअखेर ‘पाऊस’ पडतो आणि उरलेले चिंचोके दुप्पट होतात, पण २४ च्या वर जात नाहीत. प्रत्येकाने ३ घेतले तर १२ उरतात आणि पावसाने पुन्हा २४ होतात. ही विहीर कधीच आटत नाही. प्रत्येकाने ४ घेतले तर ८ उरतात, त्यांचे १६ होतात आणि दुसऱ्या फेरीतच मडके कोरडे पडते. हावरेपणाने प्रत्येकाच्या हाती आठच चिंचोके येतात. संयमी गावाला तिसऱ्या फेरीतच प्रत्येकी नऊ मिळालेले असतात आणि विहीर भरलेली असते. मग बोलण्याची परवानगी देऊन पुन्हा खेळावे आणि मुले कोणते नियम करतात ते पाहावे. सामाईक साधनसंपत्ती लोक स्वतः नियम करून सांभाळू शकतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आंध्र प्रदेशातील खेड्यांत संशोधकांनी पीकनिवड आणि भूजल यांवरचा असाच एक खेळ मोठ्या माणसांकडून खेळवून घेतला होता. दुष्काळाची झळ सोसणाऱ्या महाराष्ट्रातील मुलांना या खेळाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

बक्षीस, स्पर्धा आणि मागे पडणारे मूल

खेळ म्हटले की हार-जीत आली आणि येथेच अनेक चांगले उपक्रम बिघडतात. तेच चार हुशार विद्यार्थी दरवेळी जिंकू लागले, तर उरलेल्यांसाठी तो खेळ म्हणजे आणखी एक परीक्षाच. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९७० च्या दशकात डेव्हिड डीव्रीस आणि कीथ एडवर्ड्स यांनी यावर एक तोड काढली. सराव करायचा तो हुशार आणि कच्च्या मुलांच्या मिश्र गटात. सामना मात्र वेगवेगळ्या गटांतील साधारण समान तयारीच्या तिघांमध्ये. मिळालेले गुण गटाच्या खात्यात. त्यामुळे कच्च्या मुलालाही जिंकण्याची खरी संधी मिळते आणि त्याला शिकवण्यात गटातील हुशार मुलाचाही फायदा असतो.

बक्षिसांबाबतही सावध असावे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुळातच चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीच्या मुलांना ‘चित्रे काढलीत तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले होते. काही दिवसांनी, बक्षीस नसताना, हीच मुले इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. आवडीने होणाऱ्या कामाला मोबदला चिकटवला, की आवड मोबदल्यापुरती उरते. चॉकलेट, तारे आणि गुणांचे फलक यांचा मारा करणाऱ्या शाळांनी, आणि त्याच तत्त्वावर चालणाऱ्या मोबाइलवरील शैक्षणिक खेळांच्या निर्मात्यांनीही, हे ध्यानात ठेवावे. पडद्यावरील खेळालाही कसोटी तीच लावावी. चाल करताना मुलाला विचार करावा लागतो, की केवळ बोट आपटत राहिले तरी नाणी जमा होतात?

चाळीस मुले, पस्तीस मिनिटे

‘हे सारे वीस मुलांच्या वर्गात ठीक आहे’ असा आक्षेप शिक्षक घेतात आणि तो चुकीचा नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण धरले असले, तरी शहरांतील अनेक वर्गांत चाळीस-पन्नास मुले बसतात. तास पस्तीस मिनिटांचा आणि अभ्यासक्रम पुरा करण्याचे दडपण डोक्यावर. तरीही काही पथ्ये पाळली तर खेळ शक्य होतो.

नियम तीन वाक्यांत सांगून होईल असाच खेळ निवडावा. आधी चार मुलांना समोर बसवून एक डाव खेळून दाखवावा. जोडीने किंवा चौघांत खेळायचा खेळ संपूर्ण वर्गाने मिळून खेळायच्या खेळापेक्षा बरा, कारण आपली पाळी येईपर्यंत ताटकळणारी मुलेच गोंधळ करतात. पाच मिनिटे नियम, पंधरा मिनिटे खेळ, दहा मिनिटे चर्चा आणि वही, पाच मिनिटे आवराआवर, असे तासाचे साधारण वाटप ठेवावे. रोज नवा खेळ आणण्याचा सोस नसावा. एकच खेळ आठवड्यातून दोनदा महिनाभर खेळला, तर नियम समजावण्यात जाणारा वेळ वाचतो आणि पत्ते २ ऐवजी ३ करून त्याच खेळातून पुढची संकल्पनाही शिकवता येते. नियमात बदल सुचवण्याची मुभा मुलांना अवश्य द्यावी. शिक्षकांनी खेळ चालू असताना वह्या तपासत बसू नये, तर फिरून ऐकावे. कोणते मूल कोठे अडते, हे चाचणीपेक्षा खेळात लवकर दिसते.

आणि प्रत्येक गोष्ट खेळातूनच शिकवावी, असा अट्टहासही नको. ‘होमो लुडेन्स’ या १९३८ मधील ग्रंथात डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी स्वेच्छा हे खेळाचे पहिले लक्षण सांगितले आहे. हुकमावरून खेळलेला खेळ हा खेळ राहत नाही. काही गोष्टी सांगूनच समजतात, काही एकट्याने वाचूनच समजतात आणि काहींना निव्वळ सरावाची जोड लागते. पाढे पाठ असलेला मुलगा खेळातही अधिक रंगतो, हे विसरून चालणार नाही.

मूल घरी येऊन ‘आज आम्ही पत्ते खेळलो’ असे म्हणाले, तर पालकांनी लगेच शाळा गाठू नये. त्याला पत्ते आणून द्यावेत आणि ‘मलाही शिकव’ म्हणावे. नियम समजावून सांगताना ते मूल ‘आई, हा सात दहाच्या घरात ठेव, म्हणजे सत्तर होतील’ असे म्हणाले, तर तास सत्कारणी लागला असे समजावे. आणि कोण जिंकले यापलीकडे त्याला काहीच सांगता आले नाही, तर मात्र शाळेत जाऊन शिक्षकांना अवश्य विचारावे, की खेळ संपल्यावर वर्गात पुढे काय झाले?